सुजेवर तारीख-वेळ टाका

माझ्या डाव्या मनगटावर दर उन्हाळ्यात निळ्या बॉलपेनची एक वेडीवाकडी रेघ असते. तिच्याशेजारी बारीक अक्षरात तारीख आणि वेळ. पोस्टात पेन्शनचे पैसे घ्यायला येणारी म्हातारी माणसं विचारतात, "ह्या काय गो, मनी ऑर्डर करतंस काय हाताची?" मी गावच्या शाखा डाकघरात काम करते. आलेल्या प्रत्येक कागदावर तारखेचा शिक्का मारायची इतकी सवय झाली आहे की किडा-माशी चावून आलेल्या सुजेवरही तो पडतो. पण ही थट्टेची गोष्ट नाही. या रेघेने मला दोनदा नको ती औषधं घेण्यापासून वाचवलं आहे, म्हणून ती कशी मारायची आणि मारल्यावर काय बघायचं, तेच इथे लिहिते.

आमची काजूची बाग सावंतवाडीच्या पुढे, डोंगराच्या उतरणीला आहे. मार्च ते मे बी गोळा करायचे दिवस. बोंडू पडतो, आपण वाकतो, बी पिळून काढतो, पुढच्या झाडाखाली जातो. वरून हुमले, म्हणजे झाडावरच्या लाल मुंग्या, गळतात, पानामागे गांधीलमाशीचं टोपरं, म्हणजे पोळं, लटकलेलं असतं, पाचोळ्यात काय काय असतं ते देवालाच ठाऊक. बाकीच्या बायकांना चावतं, त्या खाजवतात, विसरतात. मला चावलं की हाताचा दुधी होतो.

आधी काकणं

पहिली चूक मी लग्नानंतरच्या दुसऱ्या वर्षी केली. हाताच्या मागच्या बाजूला गांधील चावली आणि मी जागेवर थुंकी लावून काम चालू ठेवलं. संध्याकाळपर्यंत पाटली मनगटात रुतली. सासूबाई खळ्यातूनच ओरडल्या, "अगो, आदी ती काकणां काड! हात फुगल्यार सोनाराकडे धावतलंस?" धावावंच लागलं. पाटली कापली. ती जोडून आणली तरी अजून हातात नीट बसत नाही.

तेव्हा हाताला किंवा बोटाला काही चावलं तर दुखतंय किती हे नंतर. बांगड्या, अंगठी, घड्याळ, पायाला चावलं असेल तर जोडवी आणि पैंजण, सगळं ताबडतोब उतरवा. सूज यायला तास-दोन तास लागतात आणि तेवढाच वेळ आपल्या हातात असतो.

अंगठी अडकलीच तर ओढाओढ करू नका, ओढल्याने बोट अजून फुगतं. हात दहा मिनिटं डोक्याच्या वर धरा, गार पाण्यात बुडवा, साबण लावा. तरी निघाली नाही तर शिवणाचा दोरा घ्या. त्याचं एक टोक सुईने किंवा काडीने अंगठीखालून मनगटाच्या बाजूला सारा. उरलेला दोरा अंगठीच्या पुढे, पेराला घट्ट, एकाला एक चिकटून असा नखाच्या दिशेने गुंडाळत न्या. मग मनगटाकडचं टोक धरून दोरा उलगडत जा. दोरा सुटतो तशी अंगठी पेरावरून पुढे सरकते. बोट निळं किंवा बधिर झालं असेल तर मात्र हे खेळ नकोत, अंगठी कापून घ्या.

पहिली दहा मिनिटं

चावलं काय, हे बघा. मधमाशी असेल तर तिची नांगी कातडीत राहते आणि तिला जोडलेली विषाची पिशवी माशी उडून गेल्यावरही आकुंचन पावत राहते. बहुतेक विष पहिल्या अर्ध्या-एक मिनिटात आत जातं. म्हणून चिमट्याने काढावी की नखाने खरवडावी याचा विचार करत बसू नका, जे हाताशी असेल त्याने काढा. मी पूर्वी पिशवी दाबली जाईल या भीतीने चष्म्याच्या डबीतून खरवडायला कार्ड शोधत बसायचे. तोवर तिचं काम झालेलं असायचं. गांधीलमाशी नांगी सोडत नाही, पण तीच माशी पुन्हा पुन्हा डसू शकते. तिथे नांगी शोधण्यापेक्षा पहिलं काम म्हणजे त्या झाडापासून लांब जाणं. हुमला तर डसतच नाही. तो कडकडून चावतो आणि जखमेवर फॉर्मिक ॲसिड सोडतो, म्हणून ती आग. पाण्याने धुतलं की ती बरीच उतरते.

मग साबण आणि पाणी. त्यानंतर गार शेक. बर्फ असेल तर फडक्यात गुंडाळून दहा मिनिटं ठेवा, दहा मिनिटं काढा, असं तीन-चार वेळा. बागेत बर्फ कुठला? मी माठातल्या पाण्यात पंचा भिजवते. बर्फ नुसता कातडीवर दाबून धरू नका. एकदा मी असा धरला आणि चाव्यापेक्षा बर्फाचाच चट्टा जास्त दिवस राहिला. हात छातीच्या वर राहील असा उशीवर ठेवा. पाय असेल तर खाटेवर आडवं होऊन खाली उशी. हे साधं वाटतं, पण कामाच्या दिवसात कोणी करत नाही, आणि रात्री सूज दुप्पट होते.

मी ॲलर्जीवरची सेट्रिझिन घेते, 10 मिलिग्रॅमची एक गोळी, दिवसातून एकदा. डॉक्टरांनी मला ठरवून दिलेलं आहे. मूत्रपिंडाचा त्रास असेल, गरोदरपण असेल, लहान मूल असेल तर आधी विचारा. गोळीने काहींना झापड येते, तेव्हा ती घेऊन घाटातून स्कूटर चालवू नका. आमच्याकडे जुन्या माणसांना 'अविल'च माहीत, पण ती जास्तच झोपवते. वरून लावायला कॅलामाइन चालतं. खाज फारच असेल तर डॉक्टरांनी सांगितलेलं हलक्या स्टेरॉइडचं मलम, दोन-चार दिवस, चेहरा आणि डोळ्याजवळचा भाग सोडून. दुकानदार "ही घ्या, सगळ्यावर चालते" म्हणून जी ट्यूब पुढे करतो, ज्यात स्टेरॉइड, बुरशीचं आणि जंतूचं औषध असं तिन्ही एकत्र असतं, ती घेऊ नका. तिने आमच्या वाडीतल्या अर्ध्या लोकांचा गजकर्ण बरा व्हायच्या ऐवजी पसरला आहे.

आता घरचे उपाय. सासूबाईंचा विश्वास चुन्यावर आणि लोखंडावर. डसल्या जागी विळ्याचं पातं घासायचं, मग चुना थापायचा. विळ्याबद्दल मी एवढंच म्हणेन की लोखंड गार असतं, म्हणून बरं वाटतं. मग गार फडकंच का नको? गंजलेलं पातं खरवडलेल्या कातडीवर फिरवायचं नाही. चुन्याबद्दल मात्र मी त्यांच्याशी भांडते. आत गेलेलं विष वर लावलेल्या चुन्याने मरत नाही आणि माझ्यासारख्या कातडीला चुना स्वतःच पोळतो. बाम, टूथपेस्ट, रॉकेल, तंबाखूची थुंकी, सगळ्यांचं तेच. हळदीने फारसं बिघडत नाही, पण पिवळ्या थराखालची लाली दिसेनाशी होते आणि माझी रेघ मारता येत नाही.

रेघ

गार शेक झाला की साधं बॉलपेन घ्या. लाली किंवा सूज जिथे संपते तिथून सगळीकडे एक रेघ फिरवा. बाजूला तारीख आणि वेळ लिहा. मोबाइलवर फोटो काढा, फोटोत शेजारी काहीतरी ठरलेल्या मापाचं ठेवा. मी पोस्टकार्ड ठेवते. आपलं पोस्टकार्ड 14 सेंटिमीटर लांब आणि 9 सेंटिमीटर रुंद असतं. डॉक्टर लोक 10 सेंटिमीटरपेक्षा मोठी सूज झाली की तिला मोठी स्थानिक प्रतिक्रिया म्हणतात. म्हणजे कार्डाच्या रुंदीपेक्षा सेंटिमीटरभर पुढे गेली की समजायचं, आपण त्या गटातले.

दुसऱ्या दिवशी त्याच वेळी पुन्हा रेघ. आणि इथेच लोक घाबरतात, कारण दुसऱ्या दिवशी सूज कमी होत नाही, वाढते. ही सूज विषाची कमी आणि आपल्या शरीराच्या रागाची जास्त असते. माशीच्या विषातल्या किंवा डासाच्या लाळेतल्या प्रथिनांना आपलं शरीर शत्रू मानतं आणि हिस्टॅमिनसारखी रसायनं सोडतं. त्याने रक्तवाहिन्या सैल पडून पाणी बाहेर झिरपतं. ते चोवीस ते अठ्ठेचाळीस तास वाढतच राहतं, मग पाच ते दहा दिवसांत ओसरतं. मनगटाला चावलेलं कोपरापर्यंत गेलं तरी तेही याच हिशेबात बसतं.

एका वर्षी मला हे माहीत नव्हतं. हात दुसऱ्या दिवशी लाल, गरम, टणक. एका दवाखान्यात गेले, तिथे हात न लावताच "इन्फेक्शन" म्हणून पाच दिवसांची अँटिबायोटिक्स लिहिली गेली. सूज सातव्या दिवशी उतरली. ती गोळ्यांशिवायही सातव्या दिवशीच उतरली असती हे मला पुढच्या वर्षी कळलं. पोट मात्र महिनाभर बिघडलेलं राहिलं.

मग जंतूसंसर्ग कसा ओळखायचा? रेघेवरच्या वेळेने. पहिल्या अठ्ठेचाळीस तासांत वाढलेली, दुखण्यापेक्षा खाजणारी, ताप नसलेली सूज बहुधा ॲलर्जीची. सूज उतरायला लागून तिसऱ्या-चौथ्या दिवशी पुन्हा रेघेबाहेर पडली, खाजेची जागा ठणक्याने घेतली, पू आला, थंडी वाजून ताप आला, काखेत गाठ आली किंवा हातावरून वर चढणारी लाल रेषा दिसली, तर तो संसर्ग. तेव्हा डॉक्टरांना रेघा आणि फोटो दाखवा. माझे आताचे डॉक्टर त्या तारखा बघून हसतात खरे, पण निर्णय त्यावरच करतात. मधुमेह असेल तर चौथ्या दिवसाची वाट बघू नका.

संसर्ग येतो तो बहुतेक नखांतून. उन्हाळ्यात झोपेत खाजवलं जातं. मी रात्री जुना सुती मोजा हातावर चढवते. नवरा हसतो. हसू दे.

डासांचंही सांगते, कारण मुलांच्या बाबतीत आया जास्त त्यानेच घाबरतात. माझ्या भाचीला डास चावला की डोळा मिटेपर्यंत पापणी सुजते, कधी कणकण येते. डासाला अशी जोरदार प्रतिक्रिया येण्याला 'स्कीटर सिंड्रोम' असं नाव आहे. पापणीची कातडी सैल, म्हणून थोडं पाणीही तिथे फार दिसतं. डोळा लाल झाला, हलवताना दुखला किंवा दिसणं बदललं तर थांबायचं नाही, एरवी गार फडकं आणि डॉक्टरांनी वजनाप्रमाणे दिलेलं औषध. आणि "तिचं रक्त गोड आहे" हे म्हणणं बंद करा. डासाची मादी श्वासातला कार्बन डायऑक्साइड, अंगाची ऊब आणि घामाचा वास हुंगत येते. गोडाचा काही संबंध नाही, पोर मात्र साखर सोडून बसते.

सूज चाव्यापासून लांब दिसली तर

आता ज्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं ते. चाव्याला चिकटून असलेली सूज कितीही मोठी असली तरी ती बहुधा त्रास देते आणि जाते. चाव्यापासून लांब काही सुरू झालं तर ते धोक्याचं. हाताला चावलं आणि पोटावर गांधी उठल्या, ओठ जड झाला, घसा दाटला, आवाज बसला, छातीत शिट्टी वाजायला लागली, उलटी झाली, पोटात कळा आल्या, डोळ्यापुढे अंधारी आली, तर ते त्या हातापुरतं राहिलेलं नाही. ही रेघ मारायची वेळ नव्हे.

चार वर्षांपूर्वी एप्रिलमध्ये आमच्या चुलत दिरांना मानेवर गांधील डसली. आधी दोनदा डसलेली, तेव्हा फक्त सूज. या वेळी पाच मिनिटांत तळहात खाजायला लागले, मग अंगभर गांधी. "काय नाय गो वैनी, जरा गरगरता," म्हणाले आणि पडवीच्या पायरीवर बसले. आम्ही काय करावं? त्यांना उभं केलं, दोघांनी धरून चालवत रस्त्यापर्यंत नेलं आणि रिक्षात ताठ बसवलं. रिक्षातच त्यांची मान पडली.

ते चालवणं हाच आमचा सगळ्यात मोठा मूर्खपणा होता. अशा वेळी रक्तदाब कोसळलेला असतो. माणूस उभा राहिला की हृदयाकडे परतणारं रक्तच कमी पडतं. त्याला जिथे आहे तिथे आडवं करा, पाय उशीवर किंवा पाटावर उचलून ठेवा. श्वास लागत असेल आणि झोपवत नसेल तर पाय लांब करून टेकून बसू द्या. उलटी होत असेल तर कुशीवर. गरोदर बाई असेल तर डाव्या कुशीवर. न्यायचं ते उचलून, चालवत नाही.

108 ला फोन करा. महाराष्ट्रात आणि गोव्यात दोन्हीकडे तोच नंबर. रुग्णवाहिका लांब असेल तर गाडीच्या मागच्या सीटवर आडवं घालून सगळ्यात जवळच्या, डॉक्टर हजर असलेल्या ठिकाणी न्या. मोठं हॉस्पिटल जास्त लांब असेल तर आधी जवळचं प्राथमिक आरोग्य केंद्र. निघताना फोन करून डॉक्टर आहेत का ते विचारा.

आणि पोचल्यावर एक शब्द तोंडात हवा: ॲड्रेनॅलिन. "माशी चावली, ॲलर्जी आहे" एवढंच म्हणू नका. "माशी चावून दहा मिनिटांत अंगभर गांधी, चक्कर आणि श्वास लागला, ॲड्रेनॅलिन लागेल का?" असं म्हणा. हे इंजेक्शन मांडीच्या बाहेरच्या बाजूला स्नायूत देतात, मिनिटांत काम करतं आणि गरज पडली तर पाच मिनिटांनी पुन्हा देता येतं. दिरांना पहिल्या ठिकाणी अविलची आणि स्टेरॉइडची सुई मिळाली. दोन्ही चांगली औषधं, पण सावकाश काम करणारी, कोसळलेल्या रक्तदाबाला तेवढ्यात सावरणारी नव्हेत. दुसऱ्या ठिकाणच्या तरुण डॉक्टरीणबाईंनी बघता क्षणी ॲड्रेनॅलिन दिलं. चौथ्या-पाचव्या मिनिटाला दिरांनी डोळे उघडले आणि चहा मागितला. चहा मिळाला नाही, सलाईन मिळालं.

बरं वाटल्यावर लगेच घरी पळू नका. काही तासांनी तेच सगळं पुन्हा उफाळू शकतं, म्हणून डॉक्टर ठेवून घेतील तेवढं राहा. रक्तदाबाच्या काही गोळ्या, ज्यांना बीटा ब्लॉकर म्हणतात, चालू असतील तर ते आवर्जून सांगा, कारण त्या असल्या की ॲड्रेनॅलिनचा असर कमी पडू शकतो. परदेशात लोक खिशात ॲड्रेनॅलिनचं तयार पेन बाळगतात. आपल्याकडे ते सहज मिळत नाही. दिरांना डॉक्टरांनी त्याऐवजी काय बाळगायचं आणि घरातल्या कुणी ते कसं द्यायचं हे शिकवलं. ते ज्याच्या-त्याच्या डॉक्टरांनीच ठरवायचं.

माझ्यासारख्यांनी, ज्यांना नुसतीच मोठी सूज येते, घाबरून बाग सोडायची गरज नाही. अशा शंभर माणसांतल्या साधारण पाच ते दहा जणांना पुढच्या डंखाला अंगभर प्रतिक्रिया येते, बाकीच्यांचा हात तेवढा पुन्हा सुजतो. पण त्या पाच-दहांत आपण आहोत की नाही हे आधी कळत नाही. म्हणून मी डंखानंतरचा पहिला अर्धा तास एकटी राहत नाही. कुणाला तरी हाक मारून सावलीत बसते.

तोंडात किंवा घशात डसलं तर ॲलर्जी असो वा नसो, सरळ दवाखाना. बोंडूचा रस, सरबत, उघडा आंबा, गांधिलींना सगळं आवडतं. ग्लास झाकून ठेवा. डसलंच तर दवाखान्याच्या वाटेत बर्फाचा खडा चोखत राहा. आणि आग्यामोहोळ उठलं तर पळा. सह्याद्रीतल्या गडांवर जाणाऱ्यांना हे माहीत असतं. एक माशी डसली की तिच्या नांगीतून पिकल्या केळ्यासारखा वास सुटतो आणि बाकीच्या त्या वासावर येतात. हात झाडत उभं राहायचं नाही, तोंड झाकून बंद घरात किंवा गाडीत घुसायचं. पाण्यात उडी मारू नका, त्या वर घिरट्या घालत थांबतात. असे पुष्कळ डंख बसले तर विषाचाच डोस मोठा होतो. मग ॲलर्जी नसली तरी दवाखाना.

जे माशीचं नाही

आमच्या भागात काजूच्या हंगामात प्रत्येक चाव्याकडे ॲलर्जी म्हणून बघून चालत नाही. 2016 मध्ये दोडामार्ग तालुक्यात माकडताप आला. त्याच्या आदल्या वर्षी तो गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात आला होता. मूळ कर्नाटकातल्या शिमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूरच्या जंगलातला, 1957 मध्ये ओळखला गेलेला हा विषाणू. गोचिडीच्या चाव्यातून येतो, आणि हंगाम डिसेंबर-जानेवारीपासून मेपर्यंत, म्हणजे नेमका आपण पाचोळ्यात बसलेलो असतो तो.

पाचोळ्यातली पिल्लू-गोचीड खसखशीच्या दाण्याएवढी असते. बागेतून आल्यावर कपडे बाहेरच काढून गरम पाण्यात टाका आणि अंग तपासा: काख, जांघ, गुडघ्यामागे, कानामागे, परकराच्या नाडीखाली. चिकटलेली सापडली तर बारीक चिमट्याने कातडीला अगदी लागून धरा आणि सरळ वर, सावकाश ओढा. रॉकेल ओतू नका, काडी लावू नका, नखात चिरडू नका. नंतर जागा साबणाने धुवा आणि कॅलेंडरवर तारीख लिहा. ही तारीख सुजेसाठी नाही. पुढच्या दोनेक आठवड्यांत अचानक जोराचा ताप, डोकं फुटेल असं दुखणं, अंगाचा ठणका आला तर डॉक्टरांना "मी काजूत काम करते आणि अमुक तारखेला गोचीड चावली होती" हे सांगायचं आहे. बागेत माकड किंवा वानर मेलेलं दिसलं तर हात लावायचा नाही, जवळ जायचं नाही, आरोग्य केंद्राला आणि वनखात्याला कळवायचं. जंगलात जाणाऱ्यांसाठी डीआरडीओने शोधलेलं 'डेपा' (DEPA) नावाचं अंगाला लावायचं औषध आहे. गोचिडीला दूर ठेवतं.

चाव्याच्या जागी न दुखणारी काळी खपली आणि सोबत ताप, हे आणखी वेगळं. तो स्क्रब टायफस असू शकतो, गवतातल्या बारीक किड्याच्या पिल्लातून येणारा. तो जास्त पावसाळ्यात आणि त्यानंतर दिसतो. 2018 मध्ये नागपूरकडे त्याची मोठी साथ होती. वेळेत ओळखला तर औषध साधं आहे, म्हणून खपली डॉक्टरांना दाखवायला लाजू नका. ती बऱ्याचदा लाजायच्याच जागी असते.

पहिल्या पावसात दिव्याभोवती येणारा नारिंगी-काळा, मुंगीसारखा लांबट किडा चावत नाही. मानेवर चिरडला की त्याच्या अंगातल्या रसाने दुसऱ्या दिवशी भाजल्यासारखा पट्टा उठतो. लोक त्याला नागीण समजून मंत्र घालतात. किडा फुंकरीने उडवा आणि चिरडलाच तर लगेच साबणाने धुवा. शेवग्यावरच्या सुरवंटाचे केस लागले तर चोळू नका, चिकटपट्टी लावून उचला. पोस्टात चिकटपट्टीला तोटा नाही.

आणि विंचू. तो कीटक नाही, त्याचा आणि ॲलर्जीचा फारसा संबंध नाही, पण उन्हाळ्यात वळचणीच्या लाकडात हात घातला की तोच असतो. कोकणातल्या लाल विंचवाने घाम फुटला, हातपाय गार पडले, उलट्या झाल्या तर वेळ घालवू नका. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिन या रक्तदाबाच्या गोळीने असे रुग्ण वाचवून दाखवले. 2022 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. उतारा टाकणाऱ्याकडे जाण्याचं आता कारण उरलेलं नाही.

मी काय घालते आणि डब्यात काय

नवऱ्याचा जुना पूर्ण बाह्यांचा सुती सदरा, फिक्या रंगाचा, म्हणजे गोचीड चालताना दिसते. पँट मोज्यात खोचलेली. गजरा नाही, अत्तर नाही. अंग झाकलेलं असलं की घाम जास्त येतो, म्हणून मी उन्हं चढायच्या आत, साडेनऊपर्यंत बाग आटोपते. झाडाखाली बसण्याआधी काठीने फांदी हलवत नाही, नुसतं वर बघते. टोपरं दिसलं तर त्या झाडाला लाल चिंधी बांधते आणि त्याचं बी सगळ्यात शेवटी, खाली पडलेलं तेवढंच. टोपरं पेटवायला जाणारे दोन पुरुष दरवर्षी माझ्याकडे सुजलेलं तोंड घेऊन गोळी मागायला येतात. घराला लागून असेल तर जाणत्या माणसाला बोलवा. डासांसाठी रात्री मच्छरदाणी आणि पंखा. डास उडायला दुबळा, पंख्याच्या झोतात टिकत नाही. कॉइलच्या धुराने मात्र मला खोकला येतो.

पडवीच्या खुंटीला बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा टांगलेला आहे. सेट्रिझिन, कॅलामाइन, साबणाची वडी, पंच्याचा तुकडा, बारीक चिमटा, शिवणाचा दोरा, चिकटपट्टी, एक पोस्टकार्ड आणि बॉलपेन. पोस्टकार्डावर आरोग्य केंद्राचा नंबर, रिक्षावाल्याचा नंबर आणि घरात कुणाला कशाची ॲलर्जी आहे ते. गुढीपाडव्याला गुढी उतरवली की गोळ्यांची मुदत तपासायची असा माझा नेम आहे. यंदा डबा उघडला तर गोळ्या मुदतीत होत्या, दोरा होता, साबण होता. पेन कोणीतरी नेलं होतं.